पुलापर्यंत सांगायचं नाही

मुर्गाबमध्ये मरणाची बातमी पोचवायला दोन माणसं लागत. एक सांगणारा आणि एक न सांगणारा. सांगणारे गावात पुष्कळ होते. पांढरी दाढी, लोकरीच्या नमद्याची उंच टोपी आणि शब्दाला शब्द जोडण्याची हौस असली की कोणीही म्हातारा त्या कामाला चाले. न सांगणारा मात्र एकच होता, आणि तो म्हणजे ड्रायव्हर ओरोझबाय.

ही पद्धत आमच्याकडे जुनी आहे. गावचा कोणी दूर सरहद्दीपलीकडे ओश शहरात असला आणि इकडे त्याच्या घरचं माणूस गेलं, तर ते त्याला फोनवर सांगत नाहीत. 'बापाला जरा बरं नाही, येऊन जा' एवढंच सांगतात. मग त्याला गाडीत घालून आणायचं. चारशे वीस किलोमीटरची वाट, मधे मोठमोठे घाट, एक सरहद्द, आणि सारी-ताश गाव सोडलं की झाड म्हणून दृष्टीला पडत नाही. गाडीतल्या सगळ्यांना माहीत असतं, त्यालाच नसतं. गावाच्या तोंडाशी नदीवरचा पूल आहे, तिथं म्हातारी मंडळी उभी असतात. ती त्याला खाली उतरवतात, इकडचं तिकडचं बोलतात, डोंगरसुद्धा झिजतात, तळीसुद्धा आटतात असं करत करत मुद्द्यावर येतात. तोवर गाडीत अळीमिळी गुपचिळी. वाटेत ज्याच्या तोंडून निसटलं त्याचं नाव गावात वर्षानुवर्षं निघत राहतं. नवी पिढी या प्रकाराला नावं ठेवते. ठेवू दे. जुनी पिढी ठेवत नव्हती, कारण तिला दुसरं काही सुचलेलं नव्हतं.

ओरोझबाय बांध्याने बुटका, खांद्याने रुंद, आणि चेहऱ्यावरची माशी हलू न देणारा माणूस. गावातली लहानमोठी सगळी त्याला आके म्हणत, थोरल्या भावाला म्हणतात तसं. जन्म काराकुलच्या वरच्या कुरणातला. सैन्यात असताना गाडी शिकला, परत येऊन सरकारी शेतीच्या ट्रकवर लागला. मग देशच मोडला. देशाबरोबर शेती मोडली, ट्रक कोणीतरी विकून खाल्ला. त्यापुढच्या उपासमारीच्या वर्षांत तो मिळेल त्या गाडीतून ओशहून पिठाची पोती आणायचा. एकदा आक-बैतालच्या घाटात बर्फात पाच दिवस अडकला, पण पोत्याला हात लावला नाही, असं गावात अजून कौतुकाने सांगतात. त्याला विचारलं तर म्हणायचा, "कच्चं पीठ कोण खातं?"

न सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं ते याच वर्षांत. एका पोराची आई गेली होती, ओशहून येणारी गाडी याची होती, आणि मुळातच हा बोलत नसल्यामुळे वाटेत त्या पोराला काही वेगळं जाणवलंच नाही. म्हाताऱ्यांनी हे हेरून ठेवलं. पुढे त्याने स्वतःची ऊआझ गाडी घेतली, करड्या रंगाची, डब्यासारखी, उन्हाळ्यात तापणारी आणि हिवाळ्यात गोठणारी. तेव्हापासून कोणाचंही माणूस गेलं तरी पहिला फोन घरच्यांना आणि दुसरा ओरोझबायला जायचा.

यात शिकण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. एमिल नावाच्या आपल्या भाच्याला गाडी शिकवताना ओरोझबायने हेही शिकवलं होतं. तो म्हणायचा, टेप बंद करू नको. रोज जी वाजते तीच कॅसेट वाजू दे, गाणी कितीही उथळ असोत. त्या माणसाला मुद्दाम पुढची जागा देऊ नको, चहा पहिल्यांदा त्याला ओतू नको. मान दिला की माणसाला संशय येतो. बायका जागेवरून भांडत असतील तर भांडू दे, त्यांना गप्प करू नको. आणि त्याने सरळ विचारलंच, 'आहे का?', तर डोळ्याला डोळा देऊन 'आहे' म्हण.

"नाही म्हणायला काही लागत नाही रे," तो म्हणायचा. "आहे म्हणायला छाती लागते."

त्याची बायको अनारखान त्याच्या नेमकी उलट. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी, आणि घरात एकटी असली तरी चुलीशी बोलणारी. चार-चार दिवसांनी नवरा घरी यायचा, बूट काढायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. रस्त्यावर कोण भेटलं, काय झालं, काही सांगायचा नाही. "तुझ्यापेक्षा आपला याक बरा," ती म्हणायची, "निदान गुरगुरतो तरी." यावर तो हसायचा, आणि ते हसणं फक्त तिलाच दिसायचं. त्यांना एकच मुलगी, ती आलिचूरला दिलेली. घरात दोघंच. तीस वर्षं एकमेकांशिवाय राहायची सवय झालेली, आणि म्हणूनच एकमेकांवाचून चालत नव्हतं.

या कामात त्याला एकदाच बोल लागला. तुर्सुनाय नावाची गावची पोरगी तेव्हा ओशच्या कॉलेजात शिकत होती, वीस वर्षांची. तिचा बाप हृदय बंद पडून गेला. ओरोझबायने तिला आणलं. पोरगी मुळात गाणारी, कॅसेटबरोबर सगळी वाट गात होती. सारी-ताशला उतरून तिने बापासाठी साखरेच्या गोळ्या घेतल्या. घाटावर मात्र एकाएकी तिला काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "आके, बाबा आहेत ना?"

"आहेत," ओरोझबाय म्हणाला.

ती पुन्हा गायला लागली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर ती त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. तो गाडीखाली दुरुस्ती करत होता. "माझा बाप घरात पडला होता आणि तुम्ही मला चारशे वीस किलोमीटर गाऊ दिलंत," ती म्हणाली. "मी तुमच्या गाडीत पुन्हा बसणार नाही, तुमच्याशी बोलणार नाही." ओरोझबाय गाडीखालून बाहेर आलाच नाही. अनारखानच बाहेर आली, तिने पोरीला हाताला धरून आत नेलं आणि चहा पाजला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच. तुर्सुनाय पुढे गावच्या शाळेत मास्तरीण झाली. ओरोझबाय घरी नसला की ती अनारखानकडे यायची, तो आला की निघून जायची. अकरा वर्षं असं चाललं. त्याला याचं वाईट वाटायचं. ते त्याने कोणाला सांगितलं नाही, हे सांगायला नकोच.

पुढे ही सरहद्द बंद झाली, त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. जूनमध्ये ऊआझचा गिअरबॉक्स ओशच्या बाजाराजवळ बसला. सुटा भाग मिळेना. ओरोझबाय मेकॅनिकच्या अंगणातच खाट टाकून राहिला. नवव्या दिवशी दुपारी धाकट्या भावाचा, साटीबाल्दीचा, फोन आला.

"आके, वहिनीला जरा बरं नाही."

"काय झालं?"

"पोटात दुखतंय म्हणते. तू ये. एमिल आहे तिकडेच, उद्या पहाटे निघतोय. गाडी राहू दे तिथंच."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर म्हणाला... येऊ दे."

"कोणाला येऊ दे?"

"तुला," साटीबाल्दी म्हणाला, आणि फोन कट झाला की त्याने ठेवला ते कळलं नाही.

ओरोझबाय खाटेवर बसून राहिला. 'जरा बरं नाही' हे शब्द त्याने स्वतःच्या कानांनी किती घरांतून ऐकले होते. आणि 'गाडी राहू दे'? मुर्गाबमध्ये ड्रायव्हरला गाडी सोडून ये असं कोणी म्हणत नाही. बायको सोडून ये म्हणतील. पण खरोखरच पोट दुखत असेल तर साटीबाल्दी आणखी काय म्हणणार होता? बरं नसलेल्या माणसालासुद्धा बरं नाही असंच म्हणतात. ओरोझबायने हा विचार पकडून ठेवला आणि रात्रभर सोडला नाही.

पहाटे एमिलची पजेरो फाटकाशी आली. मागे भाजीचा धंदा करणारी गुलसून बसली होती, आणि तिच्या शेजारी शाळेच्या पुस्तकांचं गाठोडं मांडीवर घेऊन तुर्सुनाय. गुलसूनच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या रस्त्याला ठाऊक. शिवाय तिचे गुडघे दुखतात, म्हणून कुठल्याही गाडीत पुढची जागा तिची. त्या जागेवरून तिने एकदा एका मुल्लालाही उठवलं होतं.

"तुम्ही पुढे बसा, आके," गुलसून म्हणाली.

"तुझे गुडघे?"

"बरे आहेत आज."

ओरोझबाय पुढे बसला. टेप बंद होता.

गुल्चा गाव मागे गेलं, चढण लागली. गाडीत कोणी बोलेना. गुलसूनच्या गाजरांच्या पोत्याला मागे सारखा हिसका बसत होता, तरी ती एमिलला एक शब्दही बोलली नाही. एमिल रस्त्याकडे असा बघत होता की जणू गाडी आजच पहिल्यांदा हातात घेतली. ओरोझबायला आधी राग आला तो याचाच. इतकं शिकवलं आणि पोराला साधा टेप लावायचं भान राहू नये.

"टेप बिघडला का रे?" त्याने विचारलं.

"नाही आके."

"मग लाव की."

एमिलने लावला. बाजारातल्या कुठल्याशा लाल ओढणीवालीचं गाणं सुरू झालं. ओरोझबायने खिडकीबाहेर तोंड फिरवलं, म्हणजे पोराला आपला चेहरा सारखा करायला वेळ मिळावा.

विचारायचं का? ओरोझबायने हा प्रश्न सारी-ताशपर्यंत घोळवला. विचारलं तर एमिलला 'आहे' म्हणावं लागणार. तो ते वाईट म्हणणार, पापणी लवणार, आणि मग संशयालाही जागा उरणार नाही. न विचारता निदान अनारखान अर्धीमुर्धी तरी जिवंत होती. म्हणून त्याने विचारलं नाही. आपण आणलेल्या माणसांपैकी कितीजण असेच विचारायचे टाळत होते, हे त्याच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. आजवर त्याला वाटायचं, आपण त्यांना फसवतोय.

सरहद्दीच्या चौकीवर एक सैनिक होता, त्याची आणि ओरोझबायची जुनी थट्टामस्करी. ऊआझ दिसली की सैनिक म्हणायचा, या डब्याचे कागद नकोत, पुरातत्त्ववाल्यांचा दाखला आण. आज त्याने गाडीत डोकावून पाहिलं, एमिलशी दोन शब्द बोलला, छातीवर हात ठेवून मान लववली आणि दांडा वर केला. तरी त्याने स्वतःला समजावलं, की ऊआझ नाही म्हणून थट्टा नाही. गाडीच बदलली तर तो तरी काय बोलणार.

काराकुलला चहाला थांबले. तळं निळं होतं, वारा होता, नेहमीसारखंच सगळं. घरधनीण लोणी घातलेला खारट दुधाचा चहा घेऊन आली आणि पहिली वाटी तिने ओरोझबायपुढे ठेवली. रोटीचा मऊ भागही त्याच्याच पुढे. मग ती एकदम उठली आणि "गोवऱ्या आणते" म्हणून बाहेर गेली. चुलीशेजारी गोवऱ्यांची रास कमरेएवढी होती. गुलसूनने वाटीत डोळे घातले. एमिल बूट काढलेल्या पायांकडे बघत बसला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं या सगळ्यांचं चाललं होतं, आणि ओरोझबायला त्यांची कीव आली.

एकटी तुर्सुनाय काही लपवत नव्हती. ती त्याच्याकडे सरळ बघत होती. अकरा वर्षांत तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते. अनारखानकडे जाऊन चहा पिणारी, तिच्याशी तासन्‌तास बोलणारी तीच होती, म्हणजे हिचंही कोणीतरी... ओरोझबायने वाटी खाली ठेवली. नाहीतर तो विचार पुढे गेला असता.

आक-बैतालच्या माथ्यावर प्रत्येक ड्रायव्हर गाडी थांबवतो. एमिलने थांबवली, बॉनेट उघडलं, आणि पाण्याचा डबा घेऊन पुढे गेला. गुलसून गाडीतच राहिली. तुर्सुनाय खाली उतरून मागच्या चाकापाशी वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. चहूकडे तांबडे-पिवळे उघडे डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही. ओरोझबाय तिच्यापाशी गेला.

"तुर्सुनाय, माझ्याशी बोलायचं नाही असं तू ठरवलंयस."

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"आज बोल. आहे का ती?"

तिने एमिलकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको बघूस. तो आहेच म्हणेल, मीच शिकवलंय त्याला. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुला विचारतोय. माझ्यासारखं करू नकोस."

"नाहीत, आके," तुर्सुनाय म्हणाली. "काल सकाळी गेल्या. चुलीपाशी बसल्या होत्या, बसल्या जागीच. त्रास झाला नाही असं म्हणतात. तुमची लेक आलीय आलिचूरहून."

"काही म्हणाली का जाताना?"

"जवळ कोणी नव्हतं."

ओरोझबायने टायरवर हात ठेवला. टायर गरम होता. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल, छाती फुटेल, पाय वाकतील. काही झालं नाही. वारा तेवढा कानात शिरत होता. जिला जाऊन सांगावं ती घरात असायची, आणि तीच आता नव्हती, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात इकडून तिकडे फिरत राहिला. पुढे बॉनेट आपटल्याचा आवाज आला.

"एमिलला कळू देऊ नकोस," तो म्हणाला. "पोराची या कामातली पहिलीच खेप आहे."

तुर्सुनायने तोंडावर रुमाल धरला आणि मान हलवली. परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवणं तिच्यानं झालं नाही, आणि आमच्याकडे ते कोणी करतही नाही. ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली, बस.

घाटाच्या खाली मुर्गाब नव्वद किलोमीटर. ते नव्वद किलोमीटर ओरोझबाय सगळ्या आयुष्यात बोलला नव्हता इतका बोलला. उतारावर गिअर कधी टाकायचा यावरून त्याने एमिलला झापलं. गाजरं कशी घेतलीस, म्हणून गुलसूनला विचारलं. घाटात पोत्यांबरोबर अडकला होता त्याची गोष्ट स्वतः होऊन सांगितली, कच्च्या पिठासकट. गुलसून खळखळून हसली आणि मग दचकून तिने तोंडावर हात दाबला. एमिलचे खांदे हळूहळू सैल झाले. आकेला काही कळलेलं नाही, आपल्याला जमलं, असं त्याला वाटत होतं. गुरूची विद्या गुरूला द्यायला निघालेल्या त्या पोराला हे ठाऊक नव्हतं की गुरू अजून आपला धंदा करतोच आहे.

मधून मधून ओरोझबाय मनात म्हणून बघायचा, अनारखान नाही. ते नुसतं वाक्य होतं. त्याला रडायचं होतं. पण गाडीत रडलं तर एमिलचं नाव खराब होणार, तुर्सुनायला गाव फाडून खाणार. पुलापर्यंत थांबायचं होतं. इतकी वर्षं लोकांना त्याने पुलापर्यंत थांबवलं होतं, आता स्वतःला थांबवत होता. मागे तुर्सुनाय खिडकीला डोकं लावून बसली होती आणि तिच्या मांडीवरची पुस्तकं घसरून खाली पडली तरी तिने उचलली नाहीत.

उन्हं कलायच्या आधी पूल आला. पुलाच्या अलीकडेच पाच म्हातारे उभे होते, मधे इसाबेक 'आता', म्हणजे आमच्या बोलीत बाबा, गावात सगळ्यांत वडील, बोलण्यात सगळ्यांत तरबेज. त्यांच्या मागे कमरेला पट्टा बांधून साटीबाल्दी. सुतकातला पुरुष पट्टा बांधतो, त्यामुळे ते दिसलं की पुढचं बहुतेकांना सांगावंच लागत नाही. एमिलने गाडी थांबवली. ओरोझबाय उतरला, सगळ्यांशी हात मिळवले.

"वाट बरी होती?" इसाबेक आताने विचारलं.

"बरी होती."

"घाटात बर्फ?"

"गेलं सगळं."

"जातं," म्हातारा म्हणाला. "बर्फ जातं, पाणी जातं. नदीच्या दोन काठांपैकी एक आधी खचतो, ओरोझबाय, आणि दुसऱ्याला उभं राहावं लागतं. हंसांची जोडी तळ्यावर उतरते ती एकाच दिवशी, पण उडते ती एकाच दिवशी असं नाही. देणाऱ्याने दिलं होतं, त्याने परत नेलं. तुझी जोडीदारीण काल सकाळी खऱ्या घरी गेली. मन घट्ट कर."

इथं पुरुषाने आवाज काढायचा असतो. हाय माझी सोबतीण, असा टाहो फोडायचा आणि रडत ओरडत घराकडे धाव घ्यायची, म्हणजे बाकीचे त्याच्यामागून रडत निघतात. सगळे त्याची वाट पाहत उभे राहिले.

"कळलं," ओरोझबाय म्हणाला.

पलीकडे त्याच्या अंगणात उभारलेल्या तंबूतून बायकांचं रडणं वाऱ्याबरोबर येत होतं. त्यात लेकीचा आवाज त्याने ओळखला. त्याने तोंड उघडलं. खोकल्यासारखं काहीतरी बाहेर आलं, तेवढंच.

"आके," साटीबाल्दी दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत."

"याच कामात सगळा जन्म गेला," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. त्याला वाटलं आपण हळू बोललो. "आतून वाळलाय हा. बायकोसाठीसुद्धा थेंब नाही."

ओरोझबायने ते ऐकलं. त्याला लाज वाटली. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी खोकलाही आला नाही. पुलापर्यंत थांबायचं म्हणून जे आत दाबलं होतं ते आता हाताला लागत नव्हतं.

गाडीचं दार वाजलं. तुर्सुनाय खाली उतरून पुढे आली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं. घाटावर."

"कधी?" एमिल ओरडला. "मी तर तिथंच..."

"चार बुकं शिकली म्हणून!" साटीबाल्दी तिच्या अंगावर धावून गेला. "कोणाच्या घरच्या मयताची बातमी रस्त्यात सांगायची हे तुला कोणी शिकवलं? तुझा बाप गेला तेव्हा याने तोंड उघडलं होतं का?"

"नव्हतं उघडलं. म्हणूनच सांगितलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

इसाबेक आताने काठी आडवी धरली आणि साटीबाल्दी मागे सरला. आता म्हातारा तिची खरडपट्टी काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. तोही रागावलेला होताच.

"घाटावर कुठं?" त्याने विचारलं.

"माथ्यावर. गाडीच्या मागे."

"तिथं कोण होतं याच्याजवळ?"

"मी होते."

"धरलं कोणी याला?"

तुर्सुनायला प्रश्न कळला नाही. मग कळला. तिने अकरा वर्षं मनाशी बोललेली सगळी भांडणं आठवून पाहिली असतील, पण त्यात याचं उत्तर नव्हतं. या पुलावर बापाची बातमी ऐकून ती खाली कोसळली होती तेव्हा पाच-सहा जणींनी तिला झेललं होतं, घरापर्यंत उचलून नेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही. टायरला धरून उभे होते."

म्हाताऱ्याने काठी साटीबाल्दीच्या हातात दिली, ओरोझबायसमोर आला आणि दोन्ही हातांनी त्याला घट्ट आवळून धरलं. साटीबाल्दीने मागून धरलं, एमिलने एका बाजूने. तुर्सुनाय तिथंच उभी होती. म्हाताऱ्याने मान वळवून तिलाही जवळ बोलावलं, तेव्हा तीही आली.

"पहिल्यापासून," इसाबेक आता त्याच्या कानाशी म्हणाला, आणि या वेळी त्याने काठ, हंस, तळं काही मधे आणलं नाही. "ओरोझबाय, आपली अनारखान गेली रे."

तेव्हा ओरोझबायच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून नदीपलीकडे रडत असलेल्या बायका गप्प झाल्या.